निजामोद्दीनची चित्रं जगात कुठे कुठे पाहता येतात

३ जून २००१, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता. कारण आता माझं आयुष्य माझ्या एकट्याचं राहिलेलं नाही.

काल नांदेडहून पत्र आलं, सुमय्या नावाच्या मुलीचं. ही आपल्या निजामोद्दीनची भाची. त्याची बहीण सबिहाआपा, तिची मुलगी. बडोद्याला चित्रकला शिकलेली. निजामोद्दीन आणि मी नांदेडला एकाच बाकावर बसून ड्रॉइंग शिकलो. मग तो पॅरिसला गेला आणि मी लातूरला आलो. ज्याची त्याची निवड. मागच्या वर्षी तो तिकडेच वारला. पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्यात माझा उल्लेख नव्हता.

आता तिकडचं एक म्युझियम त्याच्यावर जाडजूड पुस्तक काढून राहिलंय. त्याचं कुठलं चित्र जगात कुठल्या गावी, कुठल्या म्युझियममध्ये, कितव्या हॉलमध्ये पाहायला मिळतं, त्याची पूर्ण यादी. यादीचं काम सुमय्याकडे आहे. अठ्ठावन्न चित्रांचा पत्ता लागला. पॅरिस, ॲमस्टरडॅम, न्यूयॉर्क, टोकियो, दिल्ली. एकोणसाठावं सापडेना. निजामोद्दीनच्या जुन्या वहीत त्याच्यापुढे लिहिलंय म्हणे: अम्मी, १९७३, शिवशंकरकडे.

शिवशंकर म्हणजे मी. शिवशंकर मिटकरी, ए.टी.डी., ड्रॉइंग टीचर, लातूर. पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो आणि लातूर! सिंधुला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चित्र कुठंय पण? बायकांना पहिल्यांदा नको तेच सुचतं.

दुपारी २.

उत्तर टाकलं. चित्र माझ्याकडे सुखरूप आहे, रोज नजरेसमोर असतं, काळजी नसावी. यादीत 'मिटकरी संग्रह, लातूर' असं छापावं.

(चित्र माळ्यावर असणार. उद्या काढतो.)

५ जून

माळ्यावर चढणार होतो, पण आधी आठवणी लिहून ठेवणं महत्त्वाचं. पुढे अभ्यासकांना लागतील.

निजामोद्दीनचे वडील नांदेडला बोर्ड पेंटर. म्हणून त्याने आईचं चित्र कॅनव्हासवर न काढता पत्र्यावर काढलं. घरात पत्रे पडलेलेच असायचे. चार बाय तीनचा पत्रा, लाकडी फ्रेम अब्बांनी ठोकलेली. त्याची आई जोहराबी नऊ शुक्रवार स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि याने काढलं. त्या बाईने जन्मात फोटो काढून घेतला नाही. कॅमेरा दिसला की पदर ओढायची. मुलासमोर तेवढी बसली.

१९७४ ला तो निघाला तेव्हा चित्र सायकलवर बांधून माझ्या खोलीवर आणलं. म्हणाला, घरी ठेवलं तर अब्बा ठेवायचे नाहीत. बोर्ड पेंटरच्या घरी कुठलाच पत्रा वाया जात नसतो. जुना बोर्ड आला की त्यावर पांढरा हात मारायचा, वाळला की नवीन दुकानाचं नाव टाकायचं. अब्बा एखाद्या दिवशी अम्मीवर पांढरा हात मारतील आणि वर किराणा भुसार लिहून मोकळे होतील. तू ठेव, म्हणाला, तू ड्रॉइंग टीचर होणार, तुला चित्राची किंमत कळते.

ओळखलं होतं त्याने मला.

चित्र कसं होतं? चेहरा हिरवा. एक डोळा वर, एक खाली. मी तेव्हा मनात म्हटलं, हे पोरगं वाया गेलं. आता अर्थातच कळतं की ते मॉडर्न होतं.

११ जून

माळा: अजून नाही. शाळा सुरू व्हायची आहे, ऊन चाळीसच्या वर, पत्र्याखाली माळ्यावर जाऊन मेलो तर यादी कोण करणार? पाऊस पडला की पहिलं काम हेच.

शिवाय गल्लीत उभं राहायला जागा नाही. दहावीचा निकाल लागायच्या आतच परभणी, बीड, हिंगोली, सगळीकडची पोरं ट्रंका घेऊन लातूरला उतरली. समोर शेषेरावच्या क्लासपुढे रांग. शेषेराव माझा मेहुणा, सिंधुचा धाकटा भाऊ. चाकूरहून एक डस्टर घेऊन आला होता, आता दोन मजले आहेत. पण लोक क्लासला येतात ते कशामुळे? बोर्डामुळे. तो बोर्ड १९९६ साली मी रंगवला. 'शेषेराव सरांचे फिजिक्स. मेरिटमध्ये येणारच!' निळी अक्षरं, लाल सावली. पत्रा घरचाच, मागे न्हाणीपाशी पडलेला, एका दुपारीत उरकला. पाच उन्हाळे झाले, एक अक्षर उडालं नाही. फ्रेम तर अशी भक्कम, कोपऱ्याकोपऱ्यात तीन-तीन पितळी खिळे, अशी आता कोणी करत नाही. व्हरांड्यात चहा पिताना रोज बघतो आणि समाधान वाटतं.

शेषेराव म्हणाला, दाजी, औंदा फ्लेक्स लावू का? मी म्हटलं, कलेची जाण ठेव जरा.

२४ जून

सुमय्याचं दुसरं पत्र. सबिहाआपांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सहासष्ट वर्षांच्या. डॉक्टर सहा वर्षांपासून ऑपरेशन करा म्हणतात आणि त्या म्हणायच्या, राहू द्या, आता बघायचं काय राहिलंय. माझं पत्र वाचून दाखवलं तर दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षा करून दवाखान्यात गेल्या आणि ऑक्टोबरची तारीख घेऊन आल्या. डोळा उघडला की पहिल्यांदा अम्मीला बघायचं म्हणतात. आई जाऊन सव्वीस वर्षं झाली, आता चेहरा नीट आठवत नाही. नाकापर्यंत येतो आणि पुढं धुरकट होतो, असं त्यांनी लिहायला सांगितलंय.

वाचून भरून आलं. माझ्या एका पत्राने म्हातारीला दृष्टी मिळून राहिली.

सिंधु म्हणाली, आता तरी चढा वर. हाव, म्हटलं, रविवारी.

८ जुलै

रविवार दोन गेले. पण वेळ वाया घालवलेला नाही. एक मोठी गोष्ट सुचली.

त्या पॅरिसच्या पुस्तकाचा आपल्या माणसाला काय उपयोग? इंग्लिश, महाग, आणि परीक्षेच्या दृष्टीने शून्य. म्हणून मी स्वतः गाईड काढतोय: 'निजामोद्दीन: जगात कुठे पाहाल?' लातूर पॅटर्नप्रमाणे. प्रत्येक चित्रापुढे गाव, म्युझियम, सुट्टीचा वार आणि अपेक्षित प्रश्न. सुमय्याने अठ्ठावन्न नावांची झेरॉक्स पाठवली आहे, बाकी माझं.

नमुना:

पॅरिस. चार चित्रं. मुख्य: 'घाट, उलटा'. (गोदावरीच आहे, मी ओळखली. त्यांना कोणाला कळलेलं नसणार.) सकाळी लवकर जावे. डबा आत नेऊ देतात का, चौकशी करणे.

ॲमस्टरडॅम. 'पाण्याची टाकी'. टाकी दिसत नाही. प्रश्न: टाकी का दिसत नाही? (५ गुण)

न्यूयॉर्क. 'बोर्डवाला'. वडिलांवर काढलंय. माणसाला हात सहा. थंडी असते, स्वेटर न्यावा.

टोकियो. माहिती अपुरी. चपला बाहेर काढाव्या लागत असतील.

लातूर. 'अम्मी'. मिटकरी संग्रह. रोज पाहता येते, फक्त जेवणाच्या वेळी नाही.

शेषेरावला वाचून दाखवलं. म्हणाला, दाजी, ह्यो सिलॅबसमध्ये कुठं हाय? माणूस फिजिक्सवाला, त्याला काय बोलायचं.

संकल्प: (१) पासपोर्ट. (२) फ्रेंच, रोज दहा शब्द. (३) अठ्ठावन्न चित्रं प्रत्यक्ष पाहणे. (४) माळा.

२२ जुलै

माळ्यावर चढलो!

कंबर धरली. तीन दिवस आडवा. तीन मिनिटांत जे दिसलं ते असं: सिंधुच्या माहेरची भांडी, गणपतीचं मखर, ऐंशी सालापासूनचे ड्रॉइंग पेपर. चित्र त्यांच्यामागे असणार. फ्रेंचचे शब्द आजवर चार.

१३ सप्टेंबर

अमेरिकेत जे झालं ते टीव्हीवर बघितलं. फार वाईट. जेवण गेलं नाही.

न्यूयॉर्कचा बेत पुढे ढकलला. जगच सुरक्षित राहिलं नाही, मी काय करणार. (पासपोर्टचा फॉर्म अजून आणलेला नाही, ती गोष्ट वेगळी.)

३० सप्टेंबर

भूकंपाला आठ वर्षं झाली. पहाटे चारच्या आधी आपोआप जाग येते, अजून. सिंधुही जागीच होती. दोघं व्हरांड्यात बसलो.

त्या दिवशी आमचं घर उभं राहिलं, नुसती भिंत तडकली. औशाकडच्या, किल्लारीकडच्या गावांची नावं रेडिओवर एकेक करून येत होती आणि माझ्या वर्गातली दोन पोरं त्या गावची, सुट्टीला घरी गेलेली. ती परत आली नाहीत. त्यावर मला काही लिहिता येत नाही.

मग दीड महिना सगळं लातूर उघड्यावर झोपलं. छताखाली जायची हिंमतच नव्हती कोणाची. आम्ही अंगणात शेड केली. बाजारात पत्रा मिळेना, मिळाला तर भाव विचारायची सोय नाही. घरात होता नव्हता तेवढा पत्रा लावला. माळा पूर्ण रिकामा केला होता मी तेव्हा, एका दमात. आजच्यासारखी कंबर नव्हती.

सिंधु म्हणाली, अहो, मग त्यात तुमच्या दोस्ताचं चित्र बी आलं की खाली. पत्र्याचंच होतं ना ते?

मी म्हटलं, चित्र वेगळं आणि पत्रा वेगळा. मी ड्रॉइंग टीचर आहे, मला फरक कळतो.

ती म्हणाली, उशाला एक पत्रा होता, त्यावर हिरवं-हिरवं काहीतरी होतं, मी त्याला पाठ करून झोपायची, कोणीतरी बघतंय असं वाटायचं. मी म्हटलं, शेवाळ असेल.

१ ऑक्टोबर

शेवाळच असणार.

७ ऑक्टोबर

माळा पूर्ण पाहिला. शाळेच्या शिपायाला चढवलं. चित्र नाही. न्हाणीमागे नाही. पलंगाखाली नाही. चाकूरच्या घरी असेल म्हणून शेषेरावला विचारलं, त्याने सरळ न्हाई म्हटलं.

निष्कर्ष: चोरी. भूकंपाच्या गडबडीत कोणीतरी जाणकाराने नेलं. जगभर अशा चोऱ्या होतात.

पण हे आपांना कसं सांगायचं? ऑपरेशनला पंधरा दिवस राहिले आहेत. कळलं तर म्हातारी टेबलावर चढायची नाही. त्यांच्या डोळ्यांचा विचार करून मी गप्प राहतोय. माझा स्वतःचा काहीच प्रश्न नाही.

१४ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला. उपाय सापडला.

चित्र मी काढतो. पुन्हा. यात खोटं असं काही नाही. तो माझ्याच शेजारी बसून शिकला, पेन्सिलला टोक माझ्या ब्लेडने करायचा. एका अर्थी त्याची शैली आमच्या दोघांची. आणि मॉडर्नमध्ये सारखेपणाला महत्त्व नसतं. चेहरा हिरवा, एक डोळा वर, एक खाली. अशी दोन दिवसांत दहा निघतील.

नवीन पत्रा आणला. फ्रेम सुताराकडून. जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्याने पुसली.

२१ ऑक्टोबर

अवघड आहे. डोळा खाली घेतला की बाईला लकवा झाल्यासारखं दिसतं. तीनदा पुसलं. शेवटी दोन्ही डोळे एका रेषेत घेतले, आपांनाही बरं वाटेल. हिरवा जरा उग्र वाटत होता, त्यात गुलाबी घातला. कपाळ मोठं केलं. केसांना चमक दिली. मला विचाराल तर मूळ चित्रापेक्षा सरस झालंय. निजामोद्दीनचं ड्रॉइंग मुळात कच्चं होतं.

सिंधु बराच वेळ बघत उभी राहिली. मग आत जाऊन आरशात बघून आली.

२८ ऑक्टोबर

नांदेडहून फोन. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. आपा डॉक्टरला म्हणाल्या, घड्याळाचे काटे दिसून राहिले. येत्या रविवारी येतायत, सुमय्यासोबत. डॉक्टर प्रवास नको म्हणतात, पण ऐकत नाहीत.

भाषण तयार करतोय. सुरुवात: कला ही सीमा मानत नाही.

४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.

लिहू की नको. रोज न चुकता म्हटलं होतं, म्हणून लिहितो.

अकराला आल्या. नांदेडहून लोह्यामार्गे एसटीने, पाच तास. आपा बारीक, वाकलेल्या, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. पिशवीत माझ्यासाठी बदामाचा हलवा. बसायच्या आधी म्हणाल्या, शिवशंकरभाई, तुमचे फार उपकार, आमच्या अब्बांनी तर पांढरा हात मारला असता. हात धरून ठेवला माझा.

चित्र भिंतीला टेकवून वर सिंधुची शाल टाकली होती. कला ही सीमा मानत नाही, इथपर्यंत मी आलो, तोवर आपांनी स्वतःच शाल काढली.

काळा चष्मा वर केला. वाकल्या. इतक्या जवळ गेल्या की नाक लागेल. मग हळूच म्हणाल्या, भाई, ये अम्मी नव्हं. या तर भाभी हायत.

सिंधु चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ती म्हणाली, मला बी पंधरा दिवसांपासून तेच वाटून राहिलंय.

सुमय्याने कडेला बोट लावलं. बोटाला रंग आला. मामूंनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी काढलेलं अजून वाळलं नाही का, असं तिने अगदी अदबीने विचारलं. मी म्हटलं, यंदा पाऊस लांबला. हलवा टेबलावर तसाच.

शेवटी सांगितलं, मूळ चित्र भूकंपाच्या वेळी चोरीला गेलं. आपा म्हणाल्या, असेल भाई, त्या वेळी माणसं गेली, पत्र्याचं काय घेऊन बसायचं. चष्मा लावला, पिशवी उचलली, निघाल्या. त्यांना अडवायला हवं होतं असं वाटलं, पण अडवून दाखवणार काय होतो?

फाटकापाशी डोळ्याला पाणी आलं म्हणून चष्मा काढून पुसायला थांबल्या. समोर बघितलं. आणि थांबल्याच.

विचारलं, तो कुणाचा बोर्ड? मला बरं वाटलं, विषय बदलला. म्हटलं, मेहुण्याचा क्लास, अक्षर माझं, पाच उन्हाळे झाले.

त्या माझं ऐकतच नव्हत्या. गाड्या न बघता रस्ता ओलांडला. बोर्डाखाली मान वर करून उभ्या राहिल्या आणि बोटाने हवेत मोजलं. एक, दोन, तीन. दुसरा कोपरा. एक, दोन, तीन. अब्बांचा हात हाय, म्हणाल्या. सगळ्या नांदेडात तीन खिळे अब्बाच मारायचे.

मला तेव्हा समजलं. खरं म्हणजे तेव्हा नाही. कधीतरी आधीच समजलं असणार.

शेषेराव बाहेर आला, म्हणाला, दाजी, बॅच चालू हाय. सिंधु त्याच्यावर अशी ओरडली की त्याने स्वतः शिडी आणली. बोर्ड उतरवला. रस्त्यावर पालथा ठेवला. मागे पाच वर्षांची धूळ. सुमय्याने ओढणीने पुसली. लाल रंगात उर्दू होतं. तिने वाचलं: अम्मी, नौ जुम्मे, १९७३. आणि त्याखाली मराठीत, त्याच्या वाकड्या अक्षरात: शिवशंकर, जपून.

वर्गातली पोरं पायऱ्यांवर येऊन उभी. दोनशे तरी असतील. कोणी हसलं नाही.

सुमय्याने बोर्ड सुलटा केला आणि स्क्रू ड्रायव्हर मागून खालची एक पट्टी उचकटली. पट्टीखाली माझा ब्रश पोचला नव्हता. बोटभर रुंद चित्र राहिलंय, चार फूट लांब. हिरवी ओढणी, आणि एका ठिकाणी तीन काचेच्या बांगड्यांच्या कडा. हिरवा असा की माझ्याने कधी लागला नसता.

आपा तिथेच रस्त्यावर बसल्या. बांगड्यांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, चुड्या अम्मीच्याच. मग बोट हळूहळू वर सरकवलं, माझ्या पांढऱ्यावर, जिथून चेहरा सुरू होत असेल तिथवर, आणि 'येणारच'वर येऊन थांबलं.

मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर

रजा. ताप नाही.

आपा आणि सुमय्या बोर्ड टेम्पोत घालून घेऊन गेल्या. शेषेरावने फ्लेक्स लावला. त्यावर त्याचाच फोटो आहे.

६ नोव्हेंबर

उपाय आहे! थिनर. हलक्या हाताने वरचा थर काढायचा. माझ्यासारखा अनुभवी माणूस चार दिवसांत करेल. सुमय्याला फोन केला, एसटीडीवरून. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अंकल, बडोद्याच्या जाणकारांना विचारलं. खाली पण इनॅमल आहे, वर पण इनॅमल, एक निघालं की दुसरं सोबत निघतं. काहीच करता येत नाही. तुम्ही कृपा करून हात लावू नका.

हात लावू नका, हे तिने दोनदा म्हटलं.

२ डिसेंबर

गाईडचं हस्तलिखित माळ्यावर ठेवलं. माळा आता छान आवरलेला आहे.

९ जून २००२, रविवार

सहा महिन्यांनी वही उघडली. कारण तसंच आहे. पॅरिसचं पुस्तक आलं! रजिस्टर पार्सलने, माझ्या नावावर.

तीन किलो तरी असेल. अठ्ठावन्न चित्रं, प्रत्येकापुढे गाव, म्युझियम, हॉल. घाट खरंच उलटा आहे. मग शेवटचं पान, आणि त्यावर मी! माझं नाव! निजामोद्दीनच्या नावाखाली, त्याच टायपात, त्याच उंचीचं. इंग्लिश आहे, डिक्शनरी घेऊन बसलो आणि मराठीत उतरवलं:

५९. अम्मी. १९७३. पत्र्यावर इनॅमल. खाजगी घर, नांदेड. पाहता येत नाही. वरचा थर: एस. मिटकरी, १९९६.

तीनदा वाचलं. सिंधुला वाचून दाखवायला उठलो आणि परत बसलो.

पार्सलमध्ये सुमय्याचं पत्रही होतं. आपांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बोर्ड घरात लावलाय, बैठकीत, अक्षरं पुढे करून. शेजारची माणसं विचारतात, फिजिक्सचा क्लास कधी सुरू केला? आपा रोज सकाळी त्याच्यासमोर बसतात. कुठल्या अक्षरामागे काय असेल ते त्यांनी ठरवून टाकलंय. 'फिजिक्स'मागे डोळे. 'मेरिट'मागे हनुवटी.

शेवटी आपांनी माझ्यासाठी एक प्रश्न लिहायला सांगितलाय. राग नाही, भाई, फक्त एवढंच कळवा: अम्मीचं तोंड जगात शेवटचं पाहिलेले तुम्हीच. पांढरा हात मारताना समोर होतं. तर अम्मी हसत होती का?

सकाळपासून तीन अंतर्देशीय पत्रं फुकट घालवली. पहिल्यावर लिहिलं, होय, हसत होत्या. फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, किंचित. तेही फाडलं. ती दुपार मला चांगली आठवते. ब्रश तीन इंची होता, शेषेराव चहा घेऊन आला होता, ऊन उतरायच्या आत पांढरा वाळायला हवा होता. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि उजवीकडे नेत गेलो, कुठे डाग राहू नये म्हणून नीट लक्ष देऊन. पांढऱ्याकडेच लक्ष होतं. चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

तिसरं पत्र कोरंच आहे. सिंधु जेवायला बोलावतेय.